भोसरीहून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण बाबा "बरं बरं" म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. खराडीची बावीस हजारांची नोकरी मी नाकारली. गेल्या सोमवारपासून चाकणला ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणून जातेय. एक वर्ष, बारा हजार स्टायपेंड. सही झालीय, आता रागवा.

खराडीत दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायचं होतं. दोन वर्षांनी माझ्या मेकॅनिकलला कुणी विचारलं नसतं. इथं १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार होतो, शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. पुढं नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही, हेही आत्ताच सांगते. नंतर मामाकडून कळायला नको.

बाबा, तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपचं सर्टिफिकेट तुम्ही ओळखीनं आणलंत, भर मे महिन्यात दोन खेपा घालून. मीच म्हणाले होते, कागद पुरे. जानेवारीत मुलाखतीला साहेबांनी तोच कागद वाचला आणि बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन, पुढं सरकवला. "झिरो सेट कर." मला तो धरायचा कसा तेही कळेना. शेजारच्या मुलीनं सहा महिने खरंच वर्कशॉपमध्ये काढले होते. तिनं तो मायक्रोमीटरमध्ये हलकेच डोलवला, काटा जिथून उलटा फिरला तिथं शून्य आणलं. तिला घेतलं. तुमची चूक नाही हो, आळस माझा.

काल मलाही जमलं, चौथ्या खेपेला. लाइनवरचे काका म्हणाले, "बसतोय हात." तुम्ही स्कूटरचा प्लग घासायचात आणि मी बॅटरी धरायचे, हात हलला की टपली! तेच आठवलं.

खोली भोसरीतच, दोघी आहोत, पाणी चोवीस तास. कंपनीची बस आहे, दुपारचं जेवण कॅन्टीनला. भाकरी तुझ्यासारखी नाही आई, पण पोट भरतं.

आता ऐका. बाबा, उपाशीपोटीची साखर या आठवड्यात तपासायची आणि आकडा मला पाठवायचा, "नॉर्मल आहे" असं नको. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला दिलेला नाही. पतसंस्थेच्या हप्त्याचे तीन हजार दहा तारखेला येतील. मागच्यासारखे माझ्याच खात्यावर परत पाठवू नका.

तुमची,
चिमी