ब्लॉकच्या खाली काय आहे?

संपादक महोदय,

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीने पार्किंगमधला मुरूम उचलून तिथे पेव्हर ब्लॉक बसवले. ‘फटींतून पाणी मुरेल’ असे सभेत सांगितले गेले आणि मीही हात वर केला. काम चालू असताना खाली डोकावलो, तर ब्लॉकच्या खाली चार इंची पीसीसी, म्हणजे साधे सिमेंट काँक्रीट! वर फटी आणि खाली काँक्रीट, मुरणार कुठे?

हजार चौरस मीटर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, की ५० हजार लिटर पाणी होते. म्हणजे दहा हजारी पाच टँकर. पावसाळ्यात ते आम्ही ओढ्याला देतो आणि एप्रिलमध्ये तेवढेच विकत घेतो.

यावर उपाय म्हणजे पाणी मुरू देणारे काँक्रीट. त्यात वाळू जवळजवळ नसते. सिमेंटच्या लेपाने खडीला खडी चिकटते आणि मध्ये साधारण १५ ते २५ टक्के पोकळी राहते. पण खरे काम खालच्या थराचे. भुकटी नसलेली, एकसारख्या आकाराची खडी पाणी काही तास धरून ठेवते आणि सावकाश जमिनीत सोडते. आपल्याकडे खाली काळी माती किंवा कातळ लागला, तर त्या थरातून छिद्रांचा पाइप काढून शोषखड्ड्यात सोडावा लागतो. तरीही लोंढा एकदम ओढ्यावर जात नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला आलेला पूर पाहिलेल्यांना याचे मोल सांगायला नको.

अर्थात, तसल्या पावसाला नुसती फरसबंदी पुरणार नाही. चीनमधल्या झेंगझोऊने ‘स्पंज शहर’, म्हणजे पावसाचे पाणी शोषून धरणारे शहर, होण्यासाठी मोठा खर्च केला होता. जुलै २०२१ मध्ये तासाभरात २०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तिथल्याही मेट्रोत पाणी शिरले. बस-ट्रकच्या रस्त्यांवर हा प्रयोग नकोच. पदपथ, पार्किंग, बागेतल्या वाटा एवढे पुष्कळ झाले. शिवाय छिद्रे मातीने बुजतात, ती नियमित साफ करावी लागतात. आपली नालेसफाई पाहता मला हीच अट सर्वांत अवघड वाटते.

महापालिकेने पदपथांच्या निविदेत ब्लॉकइतकाच त्याच्या खालचा थरही स्पष्ट लिहावा आणि बिल देण्याआधी अभियंत्याने तिथे एक बादली पाणी ओतून पाहावे. आमच्या पार्किंगमध्ये मी ओतून पाहिली. पाणी गेटपर्यंत गेले.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे