समुद्रात उतरणाऱ्यांच्या सामानाला पावती द्या

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मालवण किनाऱ्यावर स्कुबा डायव्हिंगसाठी येणाऱ्या पर्यटकांच्या सामानाच्या सुरक्षिततेबाबत.

महोदय,

मी सांगलीचा रहिवासी असून बँकेतून सेवानिवृत्त झालो आहे. नोकरीची शेवटची काही वर्षे लॉकर विभाग माझ्याकडे होता. ग्राहकाची एक चावी आणि बँकेची एक, या दोन्ही लागल्याशिवाय कप्पा उघडत नाही, हे मी शेकडो खातेदारांना समजावून सांगितले असेल. गेल्या जानेवारीत मालवण तालुक्यातील एका किनाऱ्यावर माझ्याच पत्नीचे मंगळसूत्र एका उघड्या प्लास्टिकच्या टोपलीतून नाहीसे झाले, आणि ती टोपली फळीवर ठेवणारा मीच होतो.

सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही चौघे शेडमध्ये पोहोचलो. प्रशिक्षकाने अंगठ्या आणि गळ्यातले काढून ठेवायला सांगितले, ते योग्यच होते. गार पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. पत्नीने थोड्या नाराजीनेच रोजच्या वापरातले मंगळसूत्र काढले, रुमालात गुंडाळले, रुमाल पर्समध्ये आणि पर्स बॅगेत ठेवली. मला मिळालेल्या वेटसूटवर पांढऱ्या रंगाने १७ हा आकडा लिहिलेला होता. टाकीवरही क्रमांक होता (तिला सारे जण ऑक्सिजनची टाकी म्हणतात, पण तिच्यात साधी दाबून भरलेली हवा असते, असे त्या दिवशी समजले). भरून घेतलेल्या अर्जालाही क्रमांक होता. क्रमांक नव्हता तो फक्त आमच्या टोपलीला.

अडीच तासांनी परतलो तेव्हा बॅग जागेवर होती आणि चेन लावलेली होती. मोबाइल होते, रोख रक्कम होती, रुमालही होता आणि त्याची घडी जवळजवळ तशीच होती. मंगळसूत्र मात्र नव्हते.

पोलीस ठाण्यात आमचे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले गेले आणि गुन्हाही नोंदवला गेला. पहिला प्रश्न नेहमीचाच होता : कोणावर संशय? त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर शेडमध्ये कपडे वाटणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगाच आला, कारण तेथील दुसरे कोणी मला आठवतच नव्हते. बोटीत पत्नीला मळमळले म्हणून परतल्यावर न मागता कोकम सरबत आणून देणाराही तोच होता. त्या सकाळी त्या शेडमध्ये किमान चाळीस पर्यटकांनी कपडे बदलले असतील आणि प्रत्येकाचा हात त्या फळीपर्यंत पोहोचत होता. मी ‘संशय कोणावरही नाही’ असे लिहून दिले. पण मनात जे आले ते आलेच, आणि त्याची लाज मला मंगळसूत्राच्या हळहळीपेक्षा अधिक वाटते. सामान घेतल्याची नोंद नसली की नुकसान पर्यटकाचे होते आणि आळ गावातल्या पोरावर येतो.

आमच्याच पुढे नाशिकचे एक जोडपे साडेतीन हजार रुपये गेल्याची तक्रार घेऊन बसले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. दोन दिवसांसाठी आलेला पर्यटक त्यासाठी न्यायालयाची पायरी चढणार नाही, हे उघड आहे. किनाऱ्यावर होणाऱ्या बऱ्याचशा चोऱ्या याच रकमेच्या आतल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे, आणि म्हणूनच चोरी झाल्यावर काय करायचे यापेक्षा ती होऊ नये म्हणून काय करायचे याला येथे अधिक महत्त्व आहे.

इतर सहलींत माणूस आपली पिशवी खांद्याला लावून फिरतो. डोंगर चढताना पाकीट खिशात असते, देवळात पर्स काखेत असते. स्कुबात मात्र पर्यटकाला सर्वस्व किनाऱ्यावर ठेवूनच जावे लागते, आणि तो किती वेळ परत येणार नाही हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. चष्मासुद्धा काढून ठेवावा लागतो. मोटारीची नवी इलेक्ट्रॉनिक चावी खाऱ्या पाण्यात नेता येत नाही म्हणून लोक ती चाकावर किंवा पायपुसण्याखाली लपवतात, आणि ही जागा न तपासणारा चोर अजून जन्माला यायचा आहे.

आम्ही सही केलेल्या अर्जात दमा, हृदयविकार आणि गर्भारपण यांविषयीच्या प्रश्नांखाली शेवटची ओळ होती : ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी पर्यटकाची राहील.’ अशा ओळीने सगळे हात झटकता येतात असे समजण्याचे कारण नाही. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे चावी देऊन उभी केलेली मोटार चोरीला गेली, त्या प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, वस्तू एकदा ताब्यात घेतल्यावर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी टाळता येत नाही. बँकांच्या लॉकरबाबतही न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असेच बजावले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२२ पासून, बँकेच्या हलगर्जीपणामुळे चोरी झाल्यास लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाईचे दायित्व बँकेवर आले. त्या दिवसांत आम्ही बँकवाले किती कुरकुरलो हे मला आठवते. पुढे नवे करारनामे झाले आणि काम सुरळीत चालू राहिले.

मात्र या निर्णयांचा आधार घ्यायचा तर वस्तू ताब्यात दिली होती हे आधी सिद्ध व्हावे लागते, आणि आमचे घोडे तिथेच अडते. आम्ही बॅग कोणाला दिली नव्हती, ‘तिकडे ठेवा’ म्हटल्यावर ठेवली होती. आमच्याकडे मोठ्या देवळांबाहेर चपला ठेवल्या तरी बिल्ला हातात पडतो. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेतच नाहीत आणि घेतली की पावती देतात. मंगळसूत्राला चपलांइतका तरी मान मिळावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून व्यावसायिकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सुरू केली. जलक्रीडांचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळ देते. माझी विनंती अशी की, आपल्या खात्याने सागरी मंडळाशी विचारविनिमय करून नोंदणी आणि परवाना या दोन्हींसाठी एक अट घालावी : पाण्यात उतरणाऱ्याचे सामान कुलूपबंद कप्प्यातच ठेवले जावे, कप्प्याचा क्रमांक असलेला बिल्ला त्याला मिळावा आणि नोंदवहीत त्याची सही व्हावी. कप्प्याची चावी रबरी पट्ट्याने मनगटाला बांधता येते. पोहण्याच्या तलावांवर हे नवे नाही. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच असतो आणि व्यवसाय चालवणारी बरीच कुटुंबे मच्छीमारांची आहेत, त्यामुळे प्रत्येकाने लोखंडी कपाटे घ्यावीत असा हट्ट धरणे अन्यायाचे होईल. दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग अशा ठिकाणी एकेक सामायिक सामानगृह स्थानिक बचत गटाकडे चालवायला देता येईल. माणशी वीस-तीस रुपये पर्यटक आनंदाने देतील. आमच्याकडून फोटो आणि व्हिडिओचे पैसे वेगळे घेतले गेले, तेव्हा आम्ही कुठे तक्रार केली?

वाहनतळावर दिव्यांची आणि कॅमेऱ्यांची सोय व्हावी, हे ओघाने आलेच. त्याखेरीज चोरीला गेलेला मोबाइल संचार साथी संकेतस्थळावरून बंद करता येतो, तसेच घरी परतल्यावर आपल्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, एवढ्या दोन गोष्टी शेडमध्ये मराठीत लिहून लावल्या तरी पुष्कळ होईल. आज तेथे फक्त दरपत्रक आहे.

सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये घोषित झालेला देशातील पहिला पर्यटन जिल्हा. निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ तळाशी बसवून पर्यटकांना दाखवण्याचा प्रकल्पही शासनाने हाती घेतला आहे. तेथे उतरणाऱ्यांनाही घड्याळे आणि अंगठ्या कुठेतरी काढून ठेवाव्या लागतील. त्या जागेचा आराखडा करताना किनाऱ्यावरची ही खोली नकाशात धरली जावी आणि मालवणसाठीची अट पुढील ऑक्टोबरपूर्वी लागू व्हावी, ही नम्र विनंती. आमच्या गुन्ह्याचा तपास अद्याप चालू आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी, सांगली