प्रार्थना म्हणजे हतबलता नव्हे

संपादक महोदय,

संकटात प्रार्थना करणारा माणूस हातपाय गाळून बसतो, असा सूर हल्ली वरचेवर कानी पडतो, तो मला मान्य नाही. 1870च्या दशकातील दुष्काळात आईवडील गमावलेल्या पंडिता रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या आणि 1896-97च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुली व विधवांना आश्रय दिला. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, म्हणून या मुलींची सोय केडगावच्या मोकळ्या शेतजमिनीवर झाली. तेथे सामुदायिक प्रार्थनेच्या जोडीने शेती, विणकाम आणि छपाईही चाले. 1921 साली मुलगी मनोरमा गेली, तरीही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. हे बळ कोठून येत असेल?

2020च्या टाळेबंदीत, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) चर्चचे दार बंद असताना, माझ्या आईने पाटावर मेणबत्ती लावून बायबलमधील तेविसावे स्तोत्र वाचले. ‘मृत्यूच्छायेच्या दरी’पाशी तिचा आवाज कापला, वडिलांना जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. तिने ती ओळ पुन्हा, सावकाश वाचली. नंतर डोळे पुसून उठली आणि शेजारच्या एकट्या आजोबांसाठी भाकऱ्या थापायला बसली. पुढचे दोन महिने रोज हाच क्रम होता: आधी प्रार्थना, मग त्यांचा डबा.

– एक वाचक, दौंड