ताई, तुमच्या लाल पेनाचे आभार

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

लेकीचं शिष्यवृत्तीचं पत्र आल्याचं फोनवर सांगितलं, तर तुम्ही "छान झालं, आता अटी नीट वाच" म्हणालात आणि विषयच बदललात. आभार मानू दिलेच नाहीत. म्हणून हे जाहीर पत्र. इथे अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणारे बाकीचे मराठी आईबापही ते वाचतील.

आमची अडचण अभ्यासाची नव्हतीच, कागदांची होती. शाळा नाही म्हणजे ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांचा दाखला) नाही, काउन्सेलर (कॉलेजच्या अर्जांत मदत करणारा शाळेतला सल्लागार) नाही. वर्गात कितवी आली हे सांगायला वर्गच नाही! त्यात एकांनी ठासून सांगितलं, की जीईडी, म्हणजे शालान्त शिक्षणाच्या तोडीची परीक्षा, दिल्याशिवाय सरकारी मदत मिळायची नाही. आर्थिक मदतीच्या ऑफिसात नोकरी केलेल्या तुम्हाला ते ऐकून हसू आलं. "१९९८ सालीच कायद्यात दुरुस्ती झाली. राज्याच्या नियमांनुसार घरचं शिक्षण पूर्ण केलं असेल, तर फेडरल मदतीला जीईडी लागत नाही. फॅफ्सात, म्हणजे त्या मदतीच्या अर्जात, होमस्कूलचा पर्याय आहे, तो निवड." एवढ्याने माझी झोप परत आली.

पीएसएटी या परीक्षेचंही तसंच. ती अकरावीच्या ऑक्टोबरात असते आणि नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीचा रस्ता तिथूनच जातो, पण होमस्कूलच्या मुलांना जवळच्या एखाद्या शाळेत आधीपासून जागा मागून ठेवावी लागते. तुम्ही उन्हाळ्याआधीच आम्हाला फोन करायला लावलेत. मेरिट हुकलं, ती गोष्ट वेगळी.

पण खरे उपकार त्या लाल पेनाचे. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जात, काउन्सेलरचा भाग होमस्कूलच्या पालकालाच भरावा लागतो. मी लिहिलं होतं, 'अत्यंत हुशार, जिद्दी आणि गुणी मुलगी'. तुम्ही तिन्ही शब्दांवर काट मारलीत. "हे आई बोलतेय. शाळा काय म्हणते ते लिही." मग लेकीला विचारलंत, गॅरेजमध्ये काय घासत असतेस? तिने सहा इंची काच कार्बाइडच्या पुडीने घासून दुर्बिणीचा आरसा केला होता. आमच्या लेखी तो छंद. तुम्ही तिची वही मागवलीत. वक्रतेची मापं, आरशाचा आकार तपासणाऱ्या फूकोच्या चाचणीच्या आकृत्या, पुसटलेल्या तारखा, सगळं पान न पान पाहिलंत. "साधारण १२० तासांच्या कामाला एक क्रेडिट धरतात. तास मोज. हा प्रयोगांसकट प्रकाशशास्त्राचा कोर्स आहे." त्या कोर्सचं वर्णन तुम्ही तिच्याकडूनच लिहून घेतलंत, पुन्हा पुन्हा, स्वतः एक ओळसुद्धा लिहून दिली नाहीत. तेव्हा थोडा रागही आला होता, खरं सांगते. पुढे मुलाखतीत त्या आरशावरच प्रश्न आले आणि ती न अडखळता बोलत राहिली, तेव्हा तुमचा हट्ट कळला.

शिफारसपत्र घरच्यांचं नको म्हणून खगोल मंडळातल्या गुरुजींना गळ घालायलाही तुम्हीच पाठवलंत. त्यांनी आनंदाने दिलं. तुमच्याबद्दल विचारत होते.

तुमची,
एक 'काउन्सेलर' आई

ता. क. फॅफ्सा दरवर्षी नव्याने भरायचा असतो, हे लक्षात आहे. यंदाचा तिने स्वतःच भरलाय. माझ्या वाट्याला पालकांचा भाग आणि संमतीची सही तेवढी आली.