बाबा, तुमचा अर्थिंगचा खड्डा

लंडन, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, काल इथल्या एका संग्रहालयात केबलचा तुकडा बघितला आणि तुमची फार आठवण आली. (आई, हसू नकोस. पैठणी दिसली असती तर तुझी आली असती.)

केबल म्हणजे काय, तर तांब्याच्या एकात एक दोन नळ्या, मध्ये मेणात भिजवलेल्या खाकी कागदाचे वेढे आणि बाहेरून लोखंडी पाइप. वीस-वीस फुटांचे तुकडे जोडत नेलेले. यातून १०,००० व्होल्ट जायचे, तेही १८९१ साली! कागदावर, बाबा!

हे डोकं सेबास्टियन फेरांटीचं. लिव्हरपूलच्या फोटोग्राफरचा मुलगा. एकवीस-बाविसाव्या वर्षी इथल्या ग्रोव्हनर गॅलरी या चित्रदालनातल्या वीजकेंद्राचा मुख्य इंजिनिअर झाला. तुम्ही वीज बोर्डात लागलात तेव्हा तेवढेच होतात ना? त्या केंद्रातून २,४०० व्होल्टच्या तारा लोकांच्या छपरांवरून जायच्या. शहर वाढत होतं, मागणीही. हा म्हणाला, गावात जनित्रं कशाला? थेम्सकाठी डेप्टफर्डला जागा स्वस्त, कोळसा बोटीने दारात, पाणी हवं तेवढं. तिथे वीज करायची आणि दाब, म्हणजे व्होल्टेज, चढवून शहरात आणायची. दाब चढवला की वाटेत वीज कमी वाया जाते, ते तुम्हाला मी काय सांगणार! रस्ते खणायची कटकट नको म्हणून केबल बरीचशी रेल्वेच्या कडेने टाकली.

लोक घाबरलेच. मग याने काय केलं? चालू केबलवर छिन्नी धरायला लावली मदतनिसाला आणि वरून हातोडा. छिन्नी आत घुसली, मदतनिसाला काही झालं नाही. कारण बाहेरची नळी अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली होती! हे वाचलं आणि मला आपलं परसदार दिसलं. मीठ-कोळशाचा तो खड्डा, उन्हाळ्यात तुम्ही त्यात ओतायचात त्या बादल्या, आणि आईचं, "तुळशीला पाणी नाही आणि खड्ड्याला आंघोळ!"

त्याचं पुढे बरं झालं नाही. नोव्हेंबर १८९० मध्ये ग्रोव्हनर गॅलरीतलं उपकेंद्र जळालं, पुरवठा महिनोन्‌महिने बंद, गिऱ्हाइकं गेली. कंपनीच्या संचालकांनी हात आखडता घेतला आणि १८९१ मध्ये तो बाहेर पडला. तेव्हा सत्तावीस वर्षांचा. पुढे स्वतःचा कारखाना, मीटर, ट्रान्सफॉर्मर. तोही एकदा कर्जात बुडाला, पण पुन्हा उभा राहिला. १९१० मध्ये इथल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. आणि ती कागदाची केबल? १९३३ पर्यंत चालली म्हणे. तो स्वतः १९३० मध्येच गेला होता.

डेप्टफर्डला जाऊन आले. आता तिथे नदीकाठी फ्लॅट आहेत. थोडा वेळ उभी राहिले, मग पाऊस आला.

आई, तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? फोनवर विषय बदलतेस, म्हणून लिहून विचारतेय. आणि बाबा, मी मे महिन्यात येतेय. तोवर शिडीवर चढायचं नाही. खड्ड्यात पाणी मी येऊन ओतेन, तुम्ही खुर्ची टाकून नुसते ओरडा.

तुमची,
छोटी