पेनड्राइव्हची पळापळ आणि उघडे फोल्डर

संपादक महोदय,

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नाही, त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली टाकणे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळा, वाचनालये आणि पतसंस्थांना नक्कीच परवडणारे आहे. अडते ते पुढे. एका टेबलावर विंडोज, शेजारी लिनक्स, आणि फाइल पेनड्राइव्हवरून फिरते. मग नेटवर्कवरून फोल्डर सामायिक करायला कोणीतरी ‘एसएमबी १’ ही फाइल वाटपाची जुनी पद्धत चालू करून, पासवर्ड काढून तो ‘एव्हरीवन’ला, म्हणजे कोणालाही, मोकळा सोडतो. कृपा करून हे कोणी करू देऊ नये. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ व्हायरस याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून पसरला होता. शिवाय विंडोज ११ प्रो आता बिनपासवर्डच्या शेअरला आपणहून जोडतच नाही.

नीट पद्धत तासाभराची आहे. लिनक्सच्या एका मशीनवर सांबा, म्हणजे लिनक्सचे फोल्डर विंडोजला उघडता यावेत यासाठीचे सॉफ्टवेअर, टाकावे. काम करणाऱ्या प्रत्येकाचे लिनक्स खाते करून सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घ्यावे, आणि सामायिक फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करून परवानगी २७७० द्यावी, म्हणजे मालक आणि ग्रुपला पूर्ण मुभा, इतरांना काहीच नाही, आणि नव्या फाइलीही त्याच ग्रुपच्या नावे. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा साठतो. तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ (smbpasswd -a) या आज्ञेने प्रत्येकासाठी द्यावाच लागतो, आणि नेमका हाच टप्पा राहून जातो. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘रीड ओन्ली’ला ‘नो’ आणि ‘क्रिएट मास्क’ला ०६६० लिहावे, नाहीतर एकाने केलेली फाइल दुसऱ्याला उघडते पण सेव्ह होत नाही. ‘टेस्टपार्म’ने चुका तपासून सेवा पुन्हा सुरू करावी, फायरवॉल चालू असेल तर तिथे सांबाला वाट द्यावी.

फोल्डर विंडोजच्या मशीनवर असेल तर दुसरीच गंमत होते. लिनक्सवरून लोक रोजचा चार आकडी पिन टाकतात आणि तो नाकारला जातो. पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्डच लागतो. पासवर्ड नसलेले खातेही नेटवर्कवरून आत घेतले जात नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास होतो तो पावसात. लाइट जाते, राउटर पुन्हा सुरू होतो, मशीनला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) मिळतो आणि कालचा शॉर्टकट उघडत नाही. म्हणून राउटरमध्ये त्या मशीनचा पत्ता कायमचा राखून ठेवावा, समजा १९२.१६८.१.१०. विंडोजच्या ‘नेटवर्क’ यादीत मशीन दिसत नाही म्हणून घाबरू नये. रन खिडकीत दोन उलट्या तिरक्या रेघा, पत्ता, पुन्हा एक रेघ आणि फोल्डरचे नाव लिहिले की उघडते. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून ‘एसएमबी’ने सुरू होणारा पत्ता द्यावा. किनाऱ्यालगत केबलच्या टोकांना खारी हवा लागते. जोडणी अधूनमधून तुटत असेल तर सेटिंग उकरण्याआधी टोक बदलून पाहावे.

मराठी नावांचीही एक खोच आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षर-संकेतांत, एकसंध लिहिता येतो, तसाच ‘र’ खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखे, लिनक्सला मात्र त्या दोन वेगळ्या फाइली. दोन कीबोर्डांवरून लिहिले तर एकाच यादीच्या दोन प्रती तयार होतात आणि अर्धी नोंद एकीकडे, अर्धी दुसरीकडे जाते. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे कोलन किंवा तारखेतली तिरकी रेघ टाळावी, विंडोजला ती चालत नाहीत.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती, की बिल देण्यापूर्वी समोर तपासून घ्यावे. राउटर बंद करून पुन्हा चालू करावा, मग दोन वेगळ्या मशीनवरून, दोन वेगळ्या खात्यांनी एकच फाइल उघडून सेव्ह करून पाहावी. तिसऱ्यांदा पासवर्ड न देता आत जाता येते का तेही बघावे. जाता आले, तर काम पुरे झालेले नाही.

— एक वाचक, गुहागर