चटईची वीण शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

काल रात्री भाचीच्या क्विल्टचा, म्हणजे गोधडीसारख्या थर शिवून केलेल्या पांघरुणाचा, चौथा कोरा चौकोन शिवून संपला. दिवा खाली घेऊन उजेड कडेने पाडला, तशी पांढऱ्या कापडावर एक पट्टी वर उचलून आली आणि शेजारची तिच्याखाली शिरली. कापड सपाट आहे हे ठाऊक असूनही मी बोट फिरवून बघितलं. तेव्हाच ठरवलं की तुमचे आभार चारचौघांत मानायचे. समोर बसून मानले असते, तर तुम्ही नेहमीप्रमाणे हात झटकून विषय बदलला असता.

तुमच्याकडे आले त्या दिवशी मी अगदी हात टेकले होते. भाचीचा क्विल्ट, नऊ चौकोनांचा. पाच जोडकामाचे, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेले, आणि त्यांच्यामधले चार कोरे. जोडकामात रंगांची गर्दी होती, म्हणून कोऱ्या चौकोनांवर काहीतरी शांत हवं होतं आणि विणल्यासारखं दिसणारं डिझाइन माझ्या मनात केव्हापासून घर करून होतं. मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली केले, टाक्याची लांबी शून्यावर आणली, कापड हाताने हवं तिकडे फिरवता यावं म्हणून फ्री मोशनचं फूट बसवलं आणि उभ्या-आडव्या रेघा मारत सुटले. झाली ती नुसती जाळी. रेघा एकमेकींना छेदून जात होत्या, विणीचा मागमूस नव्हता.

क्विल्ट काखोटीला मारून तुमच्या दारात आले, तर तुम्ही पुढची बाजू बघितलीच नाहीत. आधी उलटा केलात. अस्तराला तीन ठिकाणी चुण्या पडल्या होत्या आणि प्रत्येक वळणावर वरच्या दोऱ्याचे बारीक लूप पापणीच्या केसांसारखे उभे होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही फक्त विचारलंत, "पिना किती अंतरावर लावल्या होत्या?" वीतभर, म्हणाले मी. तुम्ही तुमची बंद मूठ क्विल्टवर ठेवलीत आणि ती सरकवत सरकवत दाखवलंत, इथे एक, इथे एक. मग उसवणी माझ्या हातात दिलीत, दुसरी स्वतः घेतलीत, आणि दुपारभर माझ्या शेजारी बसून माझे टाके उसवलेत. दर चौथा टाका कापायचा आणि मागचा दोरा ओढून काढायचा, म्हणजे कापड फाटत नाही, हे मी त्या दुपारी बघत बघत शिकले. शिकवणारे पुष्कळ भेटतात, ताई. दुसऱ्याचं चुकलेलं शिवण उसवायला बसणारं माणूस मला तरी त्याआधी भेटलं नव्हतं.

आणि मग ते वाक्य. खाली गेलेली पट्टी आपण शिवायचीच नसते. ती जिथे खाली शिरते असं वाटायला हवं, तिथे रेघ थांबवायची आणि पाव इंच कापड मोकळं सोडायचं. पुढचं डोळा आपणच पुरं करतो. मी इतके दिवस रेघा कशा मारायच्या याचाच घोर घेऊन बसले होते. त्या कुठे थांबवायच्या, हा विचार मला शिवलाही नव्हता.

तुम्ही मशीनला हात लावू दिला नाहीत. वही आणि पेन्सिल दिलीत, पेन्सिल न उचलता काढायला सांगितलंत. पाच आडव्या रेघा नागमोडी एकीखाली एक, मध्ये पाव पाव इंच. हे झालं एक घर. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघालं की पाचवी रेघ खालच्या उजव्या कोपऱ्यात सोडते. तिथून पाव इंच पुढे सरकायचं आणि पाच उभ्या रेघा, वर-खाली-वर-खाली-वर, म्हणजे आपण वरच्या बाजूला पोचतो आणि पुढच्या घरात पुन्हा आडव्या सुरू. रेघांची संख्या विषम असली की दोरा न तोडता ओळ पुढे सरकते. चार किंवा सहा घेतल्या, तर उलट्या बाजूला अडकतो. पण ओळीच्या शेवटच्या घरात मात्र तेच हवं असतं! तिथे चारच उभ्या रेघा जराशा मोकळ्या घ्यायच्या, म्हणजे आपण खाली उतरतो आणि दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे चालू होते. इंचाचं घर, पाव इंचाची फट, म्हणजे सव्वा इंच. दहा इंचांच्या चौकोनात बरोब्बर आठ घरं आडवी, आठ उभी. हा हिशोब तुम्ही वहीच्या कोपऱ्यात मांडलात, तो कागद मी मशीनच्या वर चिकटवून ठेवला आहे.

आठ दिवस वही भरली. तुम्ही सांगितलं होतंत, हाताला वळण लागलं की मशीनवर बस. नवव्या दिवशी उरलेल्या कापडावर बसले तेव्हा पुढे कुठे जायचं हे हाताला आधीच माहीत होतं. खरंच माहीत होतं, डोळे सुईच्या पुढच्या जागेवर आणि हात आपसूक तिकडे.

लूपांचं तर फोनवरच सुटलं. वळताना माझे हात घाई करायचे आणि पाय पेडलवर ढिला पडायचा. कोपऱ्यावर एक टाका जागच्या जागी घ्यायचा, मग वळायचं, एवढंच तुम्ही सांगितलंत. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित वाढवला, सुई नव्वद नंबरची नवी घातली. इंचाला दहा-बारा टाके आता बहुतेक वेळा येतात.

एक गोष्ट तुम्ही आधीच बजावली नसती, तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. आखणीचं निळं पेन पाण्याने जातं, पण त्यावर गरम इस्त्री फिरली तर डाग पक्का होऊ शकतो. पहिला चौकोन झाल्यावर इस्त्री हातात घेतली होती मी. तुमचा आवाज आठवला, इस्त्री खाली ठेवली आणि ओल्या फडक्याने आखणी टिपून काढली.

दाट शिवलेला भाग आक्रसतो, हेही मला ठाऊक नव्हतं. दोन चौकोन झाले आणि शेजारचे जोडकामाचे चौकोन फुग्यासारखे वर आले, तेव्हा पोटात गोळा आला होता. तुम्ही शांतपणे म्हणालात, त्यांनाही थोडं शिवण दे. आता त्यांच्यात अर्ध्या इंचावर साध्या वळणदार रेघा आहेत आणि क्विल्ट जमिनीवर अंथरला की सरळ पडतो. मधल्या चटईच्या भागाला जरा ताठपणा आहे. तुम्ही म्हणता धुतल्यावर मऊ पडेल. माझा विश्वास आहे.

माझ्या रेघा अजून थोड्या थरथरतात. कापडाच्याच रंगाचा दोरा घ्यायला लावलात, त्यामुळे दिसतं ते फक्त उंच-सखल, दोरा दिसत नाही. भाचीने परवा पाहिलं आणि विचारलं, "हे कापड असंच विणून मिळतं का?" मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं.

आता फक्त कडेची पट्टी राहिली आहे. ती लावायच्या आधी रविवारी क्विल्ट घेऊन येते. तुम्ही आधी मागची बाजू बघणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. तिसऱ्या चौकोनात, खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ दोन लूप राहिले आहेत. उसवायचे की राहू द्यायचे, ते तुम्ही सांगाल तसं. माझी उसवणी घेऊनच येईन.

तुमची,
वही अजून जपून ठेवलेली विद्यार्थिनी